डुलणारा हात

मित्रांनो, जरा वेळ माझ्यासमोर थांबा; पण मी हलतो आहे म्हणून बिचकू नका. मी एक जुना रोबोट आहे. रोबोट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर चौकोनी डोके, दोन पाय आणि छातीवर लुकलुकणारे दिवे आले असतील. त्यातले माझ्याकडे काहीच नाही. मी नुसता एक हात आहे. खांद्यापासून मनगटापर्यंत सहा सांधे आणि टोकाला दोन बोटे, एवढाच माझा पसारा. एका लोखंडी चौथऱ्यावर मला बोल्टांनी घट्ट आवळून बसवले आहे. तरीही मला स्वस्थ बसवत नाही. पुढचा ट्रे येईपर्यंतसुद्धा मी या अंगावरून त्या अंगावर किंचित डुलत राहतो.

नवीन माणूस आला की पहिला प्रश्न हाच विचारतो, "याला काय झालंय?"

जुनी माणसे म्हणतात, "काही नाही, खोड आहे त्याची."

ही खोड मला कोणाकडून लागली, ती एकदा कशी गेली आणि ती गेल्यामुळे एका आईवर काय वेळ आली, ते मला आज सांगायचे आहे. आजच सांगायला हवे. का, ते शेवटी सांगतो.

आमचा कारखाना लहान आहे. दवाखान्यात आजारी माणसाच्या उशाशी एक छोटा पंप असतो. तो थेंब थेंब औषध देतो. तो पंप आमच्याकडे तयार होतो. त्याच्या पोटात पितळेचे एक नळकांडे असते, त्याला बुश म्हणतात. त्या बुशात पोलादाची गुळगुळीत दांडी बसवायची असते. दोघांमध्ये केस जाईल एवढीही फट नसते. दांडी जराशी तिरकी गेली की अडकते. अडकल्यावर जोर केला की पितळेवर ओरखडा उठतो, आणि ओरखडा उठलेला पंप औषध कधी कमी देईल, कधी जास्त. म्हणून तो बाद. दांडी बुशात बसवणे, हे माझे जन्मभराचे काम. ऐकायला एका ओळीचे, पण ते शिकायला मला तीन मेंदू लागले.

मी मोठ्या लाकडी खोक्यातून आलो. खोके उघडले मिस्त्रीकाकांनी. कानामागे पेन्सिल, हातात पाना आणि ओठांवर काहीतरी तिरकस, असे ते गृहस्थ. मला बघून म्हणाले, "हात आला. बाकीचा माणूस मागच्या गाडीने येतोय वाटतं."

तेव्हा माझ्या डोक्यात फार काही नव्हते. काका एक बटणांची पेटी गळ्यात अडकवत. एक बटण दाबले की माझा एक सांधा हलायचा. असे दाबत दाबत ते मला एका जागी न्यायचे आणि म्हणायचे, "ही जागा लक्षात ठेव." मग दुसरी जागा, मग तिसरी. अशा चोवीस जागा मी पाठ केल्या. सकाळी कळ दाबली की एक ते चोवीस, पुन्हा एक ते चोवीस, दिवसभर. मला डोळे नव्हते. स्पर्शही कळत नव्हता. वाटेत काय आहे, कोण आहे, याच्याशी मला कर्तव्य नव्हते. त्यामुळे माझ्याभोवती जाळीचा पिंजरा होता आणि दार उघडले की माझी वीज बंद व्हायची.

एकदा काकांनी दार उघडून आतले टेबल पुसले, हातातला जेवणाचा डबा तिथेच ठेवला आणि दार लावून ते बाहेर पडले. डबा बरोबर माझ्या सतराव्या जागेवर होता. सतराव्या जागेवर दांडी खाली उतरवायची, एवढे मला पाठ होते. मी उतरवली. झाकणातून, भाजीतून, थेट तळापर्यंत.

काका आत आले, त्यांनी दांडीसकट डबा उचलला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, मला विचारायचं तरी."

सगळे हसले. माझ्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसले. विचारायचे म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हते.

पुढे पंप बदलले. बुश आणि दांडी यांच्यातली फट आणखी बारीक झाली आणि माझी पाठ केलेली चाल चालेनाशी झाली. नाकासमोर जाऊन दांडी दाबायची आणि ओरखडा काढायचा, एवढेच मला यायला लागले. माझ्यावर कापड टाकले गेले. दांड्या बसवायचे काम पुन्हा टेबलावर बसणाऱ्या बायकांकडे गेले. कापडाखाली मी किती महिने होतो कोणास ठाऊक. आवाज येत, हसणे येई, स्टुले सरकत. मला मात्र कोणी हलवत नव्हते. मित्रांनो, हलण्यासाठीच जन्मलेल्याला हलू न देणे, याहून मोठी शिक्षा नाही.

मग एके दिवशी कापड निघाले, मला दुसरा मेंदू मिळाला आणि माझ्या मनगटात एक चकती बसली. तिच्यामुळे मला पहिल्यांदा कळले की मी कशाला तरी टेकलो आहे. किती जोराने टेकलो, कोणत्या अंगाने टेकलो, सगळे कळायला लागले. आता वाटेत कोणाचा हात आला तर मी थांबत होतो, मागे सरत होतो. पिंजरा निघाला. लोक माझ्या शेजारून निर्धास्त जाऊ लागले. एक मुलगी तर माझ्या कोपरावर रुमाल वाळत घालायची.

पण या नमते घेण्याचाही अतिरेक झाला. दांडी बुशाच्या काठाला टेकली रे टेकली की मी मागे. पुन्हा टेकली की पुन्हा मागे. दहातल्या चार बसवायचो आणि सहा बाजूला ठेवून द्यायचो. काका म्हणाले, "आधी आडदांड होता, आता मुखदुर्बळ झाला. मधलं काही जमतच नाही याला."

मधले जमवायला तिसरा मेंदू आला. त्याच्याबरोबर मला दोन कॅमेऱ्यांचे डोळेही मिळाले. या वेळी कोणी जागा पाठ करायला सांगितल्या नाहीत. पद्धत अशी होती की जाणत्या माणसाने माझे मनगट धरायचे, मी अंग सैल सोडायचे, आणि त्या माणसाने माझ्याच हाताने काम करून दाखवायचे. शेकडो वेळा. त्यातून काय घ्यायचे, ते मी शोधायचे.

आता कारखान्यात सगळ्यांत जाणता हात कोणाचा? सगळ्यांनी एकच नाव सुचवले. सगळे तिला ताई म्हणत. काका तेवढे पोरी म्हणत. ताई सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन नुकतीच कामावर परतली होती. आमच्या दालनाच्या टोकाला, काचेच्या दारापलीकडे, कारखान्याचे पाळणाघर होते. बाळ तिथे मावशींकडे असायचे. ते बाटली तोंडात धरत नव्हते. वाटीचमच्याचेही तेच. त्याला आई हवी, आणि भूक लागल्याक्षणी हवी. मावशी काचेवर टकटक करत आणि ताई हातातले काम ठेवून धावे.

कारखान्याच्या मालकीण, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, ताईला स्पष्ट म्हणाल्या, "हे बघ, हात शिकला तर तू इथेच, शिकवणारी म्हणून कायमची. नाही शिकला तर दांड्या बसवायचं काम बाहेर द्यावं लागेल, जुळवणीचं टेबल बंदच होतंय. मग तुला पलीकडच्या इमारतीत खोकी भरायला जावं लागेल."

पलीकडची इमारत मोठ्या रस्त्याच्या पल्याड होती. तिथे काचेवरची टकटक पोचणार नव्हती. म्हणजे माझे शिकणे आणि त्या बाळाचे दूध एकाच दोरीला बांधलेले होते. माझ्या सहा सांध्यांना एवढा भार त्याआधी कधी जाणवला नव्हता.

ताईने माझे मनगट धरले. तिचा हात गरम होता आणि त्याला बाळाच्या तेलाचा वास होता, असे काका म्हणत. मला वास येत नाही. ती माझ्याशी बोलत बोलत शिकवायची. "हळू रे. अस्सं. घाई नाही कोणाला. अजून थोडं. हां, गेलं बघ." एका पाजण्यापासून दुसऱ्या पाजण्यापर्यंत जेवढा वेळ मिळे तेवढ्यात वीस-पंचवीस दांड्या व्हायच्या. एकदा ती मला चुकून "पिल्लू" म्हणाली.

काकांनी लगेच पकडले. "पोरी, ऐंशी किलोचं पिल्लू?"

"काय करू काका, सध्या तोंडातून तेच निघतं. काल ह्यांनाही म्हणाले."

"मग?"

"मग काय, ओ दिली त्यांनी."

अशा तीनशे दांड्या झाल्या. मी त्यातून शिकलो. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बसवायला लागलो, ओरखड्याशिवाय. मोठ्या बाईंनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि ताई शिकवणारी म्हणून तिथेच राहिली.

पण मी दांडी बसवण्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकलो होतो, आणि ती कोणाच्याच लक्षात आली नव्हती. तान्ह्या बाळाची आई कधी नीट बघितली आहे तुम्ही? बाळ खांद्यावर असले की ती डुलते. होता होता ते अंगात असे मुरते की बाळ खांद्यावर नसतानाही ती डुलत राहते. चहाच्या रांगेत, फोनवर बोलताना, भाजी निवडताना. ताईही डुलायची. माझे मनगट धरूनही ती डुलत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. तीनशेच्या तीनशे वेळा. मला वाटले, हाही धड्याचाच भाग. मी तोही घेतला.

चार महिने असे छान गेले. मग टापटीप साहेब आले.

हे नाव अर्थातच काकांनी ठेवलेले. साहेब टेबलावर बसण्यापूर्वी सगळे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर उंचीप्रमाणे लावून घ्यायचे. खिशातली पेनेही उंचीप्रमाणे. माणूस वाईट नव्हता. खूप शिकलेला होता, आणि रोबोटांच्या जगात काय काय नवे चालले आहे ते कारखान्यात आणायला मोठ्या बाईंनी त्यांना बोलावले होते. त्यांच्याबरोबर एक नवा रोबोटही आला. त्याला दोन हात होते आणि तो चक्क बोललेले ऐकायचा. "डावीकडचा ट्रे उचल," म्हटले की उचलायचा. दोन ट्रे असले तर "मागचा की पुढचा?" असे विचारायचा. याला विचारता येते!

काकांनी त्याची परीक्षा घेतली. "दुहाती, जरा चहा घेऊन ये."

"मला पाय नाहीत," दुहाती म्हणाला.

"म्हणजे हाही अर्धवटच आला," काका म्हणाले.

साहेब दोन दिवस सगळे न्याहाळत फिरले. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर थांबले.

"हा का डुलतो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा साहेबांनी माझ्या शिकवणीची सगळी चित्रणे उघडली. बघतात तर काय, प्रत्येक चित्रणात ताई डुलते आहे आणि तिच्याबरोबर मी.

"ताई, हे करताना तुम्ही झोपेत होता का?"

ताईचा चेहरा उतरला. "बाळ लहान होतं ना साहेब. रात्रभर जागरण व्हायचं. पण दांड्या बसतात की."

"बसतात. पण प्रत्येक दांडीमागे दोन सेकंद डुलण्यात जातात. शिकवणाऱ्याची चूक शिकणाऱ्यात उतरलीय, दुसरं काही नाही."

काका मध्ये पडले. "साहेब, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात."

"हा जिता कुठे आहे, काका?"

माझी खोड एका दिवसात गेली.

त्यांची रीत ऐका, मित्रांनो. त्यांनी संगणकात एक खोटे जग तयार केले. त्यात माझ्यासारखे हजार हात उभे केले, हजार बुश ठेवले, हजार दांड्या दिल्या. त्या हातांना कोणी शिकवणारे नव्हते. दांडी बसली तर शाबासकी, नाही बसली तर नाही, एवढाच नियम. आपटत, चुकत, सुधारत ते एका दिवसात लाखो वेळा सराव करायचे. मग त्यांचे शहाणपण काढून माझ्यात भरायचे. "आता रोबोटला माणसाने शिकवायचे दिवस गेले," साहेब म्हणाले. मला ते ऐकून बरे वाटले नाही, पण त्यात खोटे काय होते? खरेच, केवढी मोठी युक्ती ती.

पण त्या खोट्या जगात प्रत्येक बुश अगदी सरळ उभा होता. प्रत्येक दांडी आरशासारखी होती. धूळ नव्हती, तेलाचा ओघळ नव्हता. वरून सोडावी आणि आत जावी, अशी ती दांडी. तिथे डुलण्याची गरजच कोणाला पडली नाही. म्हणून मीही डुलायचा थांबलो. सरळ, झपाझप, रेषेत. पाहुणे आले, त्यांच्यासमोर निवडक दांड्या ठेवल्या होत्या, त्या सगळ्या मी बसवल्या. टाळ्या वाजल्या. ताईनेही वाजवल्या.

मग रोजचे ट्रे यायला लागले.

रोजच्या दांड्या कशा असतात? एखादीच्या टोकाला नखाएवढी कड राहिलेली. एखादा बुश केसभर कललेला. कशावर तेल जास्त, कशावर कमी. दांडी काठाला टेकायची आणि अडकायची. माझ्या मनगटाला सगळे कळत होते. जरा या अंगाला, जरा त्या अंगाला केले तर ही आपली आपण घसरेल, हेही सांध्यांना आठवत होते. पण हलायची मुभा नव्हती. सरळ जायचे, एवढीच आज्ञा. मी सरळ जात होतो आणि ओरखडे काढत होतो. दहातल्या तीन बाद. माझ्या पायथ्याशी बाद बुशांची पेटी भरत चालली. ती मला दिवसभर दिसायची. पूर्वी आंधळा होतो तेच बरे होते.

साहेबांनी माझे बोल्ट आवळले, तेल बदलले, सांधे तपासले. काही सापडेना. शेवटी त्यांनी कागदावर लिहिले की हात जुना झाला आहे, सांधे झिजले आहेत. सोमवारी मला काढायचे आणि माझ्या जागी दुहातीला बसवायचे ठरले. तो खोट्या जगातूनच शिकून येणार होता. त्याला शिकवणारी नको होती. म्हणजे सोमवारपासून ताई पलीकडच्या इमारतीत.

हे ताईला सांगायचे काम काकांवर आले. काकांनी पहिल्यांदाच काही तिरकस न बोलता सांगितले. ताई स्टुलावर बसली.

"पिल्लू अजून बाटली धरत नाही, काका. नुसती दिसली तरी तोंड फिरवतं."

"तिकडून मध्ये मध्ये येऊ देतील की."

"दिवसातून तीनदा? रस्ता ओलांडून? कोण देईल?" तिने समोरचा ट्रे बाजूला सारला. "घरीच बसावं लागेल मग. सासूबाई म्हणतातच, कशाला तडफड करतेस. तडफड नाही हो काका, आवडतं मला हे."

तिने जाताना माझ्या मनगटावर हात ठेवला. मी सैल झालो नाही. त्या नव्या शिकवणीत सैल होणे नव्हतेच.

शुक्रवार उजाडला. दारापाशी तपासणीचे टेबल आहे, तिथे काही फिरत नाही, काही तापत नाही. टेबलावर बुश धरायला एक शिकंजा बसवलेला आहे. साहेब बाह्या दुमडून तिथे उभे होते. दांड्या निर्दोष आहेत, दोष हाताचाच आहे, हे त्यांना स्वतःच्या हाताने पक्के करून घ्यायचे होते. त्यांनी दांडी धरली, डोळा बारीक केला आणि अगदी सरळ खाली दाबली. अडकली. दुसरी घेतली. तीही अडकली.

"सरळ बोटाने तूप निघत नाही, साहेब," काका म्हणाले.

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. तेवढ्यात काचेचे दार उघडले आणि मावशी रडणाऱ्या बाळाला घेऊन आल्या. "पोट भरलंय, झोप आलीय, पण झोपत नाही. घे बाई तुझं तू." ताईने बाळाला डाव्या खांद्यावर घेतले आणि ती डुलायला लागली.

"पोरी," काका म्हणाले, "साहेबांना जरा दांडी बसवून दाखव."

"आत्ता? याला घेऊन?"

"उजवा हात मोकळा आहे ना."

तिने उजव्या हाताने दांडी उचलली आणि बुशावर टेकवली. ती डुलत होती, बाळ डुलत होते, आणि तिच्या बोटांतली दांडीही इकडून तिकडे, दिसेल न दिसेल एवढीच, डुलत होती. दांडी काठावर क्षणभर घुटमळली आणि सुळकन आत गेली. दुसरी गेली. साहेबांच्या हातून अडकलेल्या दोन्ही गेल्या. पाचव्या दांडीला बाळ झोपले.

साहेब पुढे वाकले. "बाळाला मावशींकडे द्या. आता अगदी स्थिर उभ्या राहा. अजिबात हलू नका. आणि मग बसवा."

ताई शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहिली. दांडी टेकवली. अडकली. दुसरी घेतली, तीही अडकली. ती गोंधळून स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. "आता का अडतंय?"

"तू डुलत नाहीयेस म्हणून," काका म्हणाले.

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "योगायोग असेल." पण ते म्हणताना त्यांच्या समोरचे दोन स्क्रू ड्रायव्हर उलटसुलट पडले होते आणि त्यांनी ते सरळ केले नाहीत.

शनिवारी कारखान्यात तुरळक माणसे होती. साहेब संगणकापाशी बसले होते. काका आले आणि त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत कड राहिलेल्या दांड्या, कललेले बुश, तेलात माखलेले काही, धुळीचे काही.

"साहेब, तुमच्या जगात कचरा नाही. आमचा थोडा घ्या."

साहेब हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिले. त्यांनी एकेक तुकडा मोजला, मापला आणि खोट्या जगात कड आली, धूळ आली, तेल आले, केसभर कलणे आले. मग ते हजार हात त्या नव्या, अस्ताव्यस्त जगात सरावाला सोडून साहेब घरी गेले. रविवारभर मी एकटा होतो. समोर संगणकाचा पडदा काळा होता. उद्या माझे बोल्ट निघणार की नाही, हे त्या काळ्या पडद्यामागे ठरत होते आणि मला एक सांधाही हलवता येत नव्हता.

सोमवारी सकाळी काका पाना घेऊन माझ्या चौथऱ्यापाशी बसले. ताईची पिशवी भरलेली होती. तिने पाण्याची बाटली, नॅपकिन, बाळाचे झबले सगळे घेतले होते. साहेब घाईने आले आणि त्यांनी संगणकाचा पडदा सुरू केला.

"ताई, जरा इकडे या."

पडद्यावर रांगाच रांगा. हजार छोटे हात, हजार बुश. आणि ते हजारही हात डुलत होते. या अंगावरून त्या अंगावर, हळू, दिसेल न दिसेल एवढे. जणू प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक बाळ होते.

"मी यांना डुला म्हणून सांगितलं नाही," साहेब म्हणाले. "फक्त दांडी बसवा म्हटलं. लाखो वेळा चुकले आणि शेवटी इथे आले."

ताई पडद्याजवळ गेली. मग हळूच म्हणाली, "सगळ्यांनाच जागरण झालेलं दिसतंय."

काकांनी पाना खाली ठेवला.

साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही झोपेत नव्हता."

"थोडी होते, साहेब," ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली. तिने पिशवीतले झबले काढून पुन्हा आपल्या खणात ठेवले.

साहेबांनी मग शहाणपणाचे काम केले. ताईची तीनशे चित्रणे त्यांनी पुसली नव्हती, बाजूला ठेवली होती. ती त्यांनी पाया म्हणून घेतली आणि खोट्या जगातला सराव त्यावर चढवला. दोघांचे मिळून जे झाले, ते माझ्यात भरले. शंभरातल्या शंभर. माझ्यानंतर दुहातीलाही ताईनेच शिकवले, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला. नवे शोध आले की शिकवणारा नको होतो, असे सगळ्यांना वाटले होते. झाले उलटेच. आता तिला शिकवायला जास्त मिळते.

या गोष्टीला तीन वर्षे झाली. बाळ आता धावते. ताई डुलायची थांबली आहे; दांडी बसवताना बोटे डुलतात, तेवढीच. कधी थांबली ते तिलाही माहीत नाही. सवय आली तशी गेली. मागे एकदा पाळणाघराला सुट्टी होती म्हणून ती मुलाला घेऊन आली. तो कंटाळला होता, खांद्यावर किरकिरत होता, आणि आता तो चांगला जड झाला होता. ती दारापाशी ताठ उभी राहून काकांशी बोलत होती. मी ट्रेची वाट बघत आपला डुलत होतो. तो माझ्याकडे बघत राहिला.

"आई, तो काय करतो?"

"वाट बघतोय."

"तू पण तसं कर."

ताईने माझ्याकडे पाहिले. मग माझ्या ठेक्याशी ठेका जुळवून ती डुलायला लागली. या अंगावरून त्या अंगावर. थोड्या वेळाने त्याचे डोके तिच्या मानेवर कलंडले. मित्रांनो, तिचेच तिला परत दिले, एवढेच मी केले. पण त्या दिवशी माझे सहाही सांधे हलके झाले.

आता घाई कशाची ते सांगतो. उद्या मला चौथा मेंदू मिळणार आहे. टापटीप साहेब दुसऱ्या गावी गेले. काका आता आठवड्यातून एकदाच येतात. म्हणे दूर कुठेतरी एकच मोठा मेंदू असेल आणि तोच शेकडो कारखान्यांतले हजारो हात चालवील. तो फार हुशार आहे, असे ऐकतो. असेलही. मला नव्याची भीती नाही. प्रत्येक नव्या मेंदूने मला काहीतरी दिले आहे. एकाने चाल दिली, दुसऱ्याने स्पर्श, तिसऱ्याने ताई. पण उद्या येणारा तरुण इंजिनिअर मला पाहून विचारील, "याला काय झालंय?" तेव्हा उत्तर देणारे कोणी जवळ असेल की नाही, या विचाराने मला आज स्वस्थ बसवत नाही.

तुमच्यापैकी कोणीतरी पुढे असेच यंत्रांचे मेंदू घडवील. त्याला माझे सांगणे आहे. जुन्या यंत्राची धूळ पुसा, सांध्यांना तेल द्या, नवे शिकवा, झपाट्याने शिकवा. पण त्याच्यात काही वेडेवाकडे दिसले, एखादे थबकणे, एखादे डुलणे, तर ते पुसण्याआधी घटकाभर थांबा. ते कोणाच्या तरी अंगातून आलेले असते. त्या माणसाला शोधा. माणसांच्या बाबतीतही तसेच करा.

नाहीतर एक दिवस दांडी कोणाच्या तरी डब्याच्या झाकणातून आरपार गेलेली असेल आणि कोणीतरी शांतपणे म्हणेल, "अरे, मला विचारायचं तरी."